भावना ओळखणारे अ‍ॅप नाटकाच्या तालमीत : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून बेळगावातील आमच्या हौशी नाट्यसंघाच्या तालमींत मी हे अ‍ॅप वापरत आहे. फोनच्या कॅमेऱ्यातून ते नटाच्या शरीरावरील खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे असे 33 बिंदू टिपते, आवाजाची पट्टी, जोर आणि बोलण्याचा वेग मोजते आणि त्यावरून राग, आनंद, दुःख, भीती यांपैकी एक नाव पडद्यावर दाखवते. भावना किती तीव्र आहे हे त्याला चांगले कळते. ती कोणती आहे हे मात्र पुष्कळदा कळत नाही.

हालचालींचा भाग मला मनापासून आवडला. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये दाखवून दिले होते की, अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे दिवे तेवढे दिसले तरी तो चालतो आहे हे पाहणाऱ्याला लगेच ओळखता येते. हे बिंदू जोडून अ‍ॅप दाखवते ती काड्यांची आकृती पाहताना याचाच प्रत्यय येतो. निपाणीहून येणारा आमचा एक तरुण नट संतापाच्या प्रसंगात खोटा वाटत असे, पण नेमके काय चुकते ते आम्हांला सांगता येत नव्हते. आकृती आणि आवाजाचा आलेख एकाखाली एक लावून पाहिल्यावर उलगडा झाला : ‘चालता हो’ हे शब्द संपल्यावर त्याचा हात उठत होता. सहज बोलण्यात हात शब्दाच्या किंचित आधी किंवा शब्दाबरोबरच हलतो. एवढे सुधारले आणि प्रसंग उभा राहिला. साडीत गुडघ्यांचे बिंदू भरकटतात, पदराखालचा हात सापडत नाही, म्हणून स्त्री-पात्रांच्या तालमीसाठी मी सलवार-कमीज घालायला सांगतो.

आवाजाच्या बाबतीत अडचण मोठी आहे. राग आणि आनंद या दोन्हींत पट्टी चढते, जोर वाढतो, वेगही वाढतो. त्यामुळे केवळ ध्वनीवरून दोहोंत फरक करणे मुळातच कठीण. त्यात अशा संशोधनात सर्रास वापरला जाणारा ‘रॅव्हडेस’ हा ध्वनिसंग्रह उत्तर अमेरिकी उच्चारांत इंग्रजी बोलणाऱ्या 24 व्यावसायिक नटांचा आहे. आमच्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला ‘अरे ये की, आत ये की!’ असे मोठ्याने आणि हेल काढून म्हणतात. अ‍ॅपने त्या मायेला प्रत्येक वेळी ‘राग’ ठरवले.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक (देहाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतून उमटणाऱ्या भावाचा) असे चार प्रकार आहेत. पहिल्या दोहोंपर्यंत हे यंत्र पोहोचते. स्वेद (घाम), रोमांच (अंगावर काटा), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे) हे सात्त्विक भाव त्याच्या हाती लागत नाहीत. आणि मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून खाटेची कड धरून निश्चल बसलेल्या बापाला ते ‘तटस्थ’ म्हणते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते.

म्हणूनच वर्गात मुलांचे लक्ष आहे का हे तपासायला अ‍ॅप द्याल का, अशी विचारणा एका शाळेतून झाली तेव्हा मी स्पष्ट नकार दिला. युरोपीय संघाने 2024 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत आणि कामाच्या ठिकाणी, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, भावना ओळखणाऱ्या यंत्रणांचा वापर निषिद्ध ठरवला आहे, आणि ते मला योग्य वाटते.

पुढील वर्षाची वर्गणी मी भरली आहे. भावनेचे नाव दाखवण्याची सोय सेटिंगमधून बंद करता येते. ती बंद ठेवून फक्त आकृती आणि आलेख वापरावेत, असे खानापूर, चंदगडकडील नाट्यमंडळींना मी सुचवेन.