मऊ पकडीसाठी कोणतं प्लास्टिक? टीपीई, टीपीयू, सिलिकॉन, मऊ पीव्हीसी आणि रबरी रंग

विहिरीवरच्या मोटारीचा रिमोट, बॅटरी पंपाचा कंट्रोलर, जमिनीतला ओलावा मोजणारं हातातलं मीटर. असं काही बनवायला घेतलं की बॉडी बहुधा एबीएस या कडक प्लास्टिकची ठरते आणि हात लागतो तिथे मऊ थर द्यायचा ठरतो. तो थर कशाचा, हे मात्र सप्लायरने टेबलावर मांडलेले तुकडे अंगठ्याने दाबून ठरवलं जातं. नवा तुकडा पाचही पर्यायांत छानच लागतो. खरा फरक दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात दिसतो. वस्तू आखाड्यावर पत्र्याखाली पडलेली असते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतच पारा बेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यात घाम, खोबरेल लागलेले हात, कपाशीच्या फवारणीचं औषध, वाटेचा फुफाटा आणि मग पावसाळ्याची दमट हवा. हे सगळं कोण सोसतं, ते पाहून निवड करावी.

आधी कडकपणाचा आकडा समजून घ्या. मऊ प्लास्टिक ‘शोअर ए’ मापात मोजतात. साधा रबर बँड २५-३०च्या आसपास, गाडीच्या टायरचा वरचा थर ६०-७०. हातातल्या वस्तूच्या पकडीला ४० ते ६० पुरतो. मात्र हा आकडा किमान ६ मिलिमीटर जाड तुकड्यावर मोजलेला असतो. तोच ५०चा माल एबीएसवर १ मिलिमीटरचा थर म्हणून बसवला, तर बोटाला खालचं कडक प्लास्टिकच जाणवतं. म्हणून थर दीड ते दोन मिलिमीटर ठेवा. मऊपणा हवा म्हणून ३०चा दाणा (साच्यात वितळवायचा कच्चा माल) मागवण्याआधी थराची जाडी वाढवून पाहा. फार मऊ माल साच्यातून सुटायला त्रास देतो आणि धूळही लवकर धरतो.

टीपीई

टीपीई म्हणजे थर्मोप्लास्टिक इलास्टोमर, गरम केल्यावर वितळणारं रबरासारखं प्लास्टिक. बाजारात ‘टीपीई’ किंवा ‘टीपीआर’ म्हणून मिळणाऱ्या दाण्यात दोन वेगळे माल असतात आणि बिलावर ते सहसा लिहिलेले नसतात. एक एसबीएस, दुसरा एसईबीएस. एसबीएस स्वस्त. त्याच्या साखळीत दुहेरी बंध शिल्लक असतात. ऊन, ओझोन आणि उष्णतेने ते तुटतात, मग थर आधी चिकट होतो आणि पुढे तडकतो. एसईबीएसमध्ये हे बंध हायड्रोजन देऊन भरून काढलेले असतात, त्यामुळे तो उन्हात कितीतरी जास्त टिकतो. मराठवाड्यातल्या वापरासाठी एसबीएस घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘टीपीई’ एवढ्यावर समाधान मानू नका. सप्लायरकडून ‘एसईबीएस’ हा शब्द आणि ग्रेडचा नंबर लेखी घ्या.

एसईबीएसचा कमकुवतपणा म्हणजे तेल. मऊ करण्यासाठी त्यात मुळातच पांढरं खनिज तेल मुरवलेलं असतं. बाहेरून खोबरेल, ग्रीस किंवा डिझेल लागलं की तेही आत शिरतं, थर फुगतो, कडा उचलते. घामाला आणि पाण्याला मात्र तो उत्तम. साचा साध्या इंजेक्शन मशिनवर चालतो, बॅरल (दाणा वितळवणारी नळी) १८० ते २२० अंश, रनर (साच्याच्या वाटेत गोठून उरलेला माल) पुन्हा दळून वापरता येतो. छोट्या मोल्डरला सगळ्यात सोयीचा माल हाच.

पण चिकटण्याची बाजू नीट पाहा. साधा एसईबीएस पीपीला (पॉलिप्रॉपिलीनला) चिकटतो, एबीएसला नाही. एबीएस, पीसी (पॉलिकार्बोनेट) किंवा नायलॉनसाठी वेगवेगळी खास ग्रेड येतात. ही एक चूक झाली तर पकड महिनाभरात सालीसारखी निघते. ग्रेड बरोबर असूनही निघत असेल तर कारणं बहुतेक वेळा शॉपफ्लोअरवरच सापडतात. एबीएसचा भाग आदल्या आठवड्यात काढून धुळीत ठेवलेला, हाताळताना बोटांचं तेल लागलेलं, साच्यावर सिलिकॉन स्प्रे मारलेला, किंवा भाग थंडगार असताना वर टीपीई ओतलेलं. भाग त्याच दिवशी वापरा, हातमोजे घाला, ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून साच्यात ठेवा, स्प्रे बंद करा. थराची कडा निमुळती होत संपू देऊ नका. एबीएसमध्ये खाच ठेवून थर त्या खाचेत पूर्ण जाडीने संपवा. निमुळती कडा नखाने उचलली जाते आणि एकदा उचलली की पुढचं काम फुफाटा करतो.

पकड ओढून पाहताना थर मधूनच फाटला आणि थोडा माल एबीएसवर राहिला, तर जोड चांगला. स्वच्छ सोलून निघाला, तर ती बॅच बाहेर पाठवू नका.

टीपीयू

टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. मोबाइलचं पारदर्शक कव्हर बहुधा याचंच. घासणं, फाटणं, आपटणं यात टीपीयू इतर चौघांच्या पुढे आहे. एबीएस आणि पीसीला तो स्वभावतःच चांगला धरतो. तेल-ग्रीसही एसईबीएसपेक्षा बरं सोसतो. अडचण मऊपणाची आहे. सहज मिळणारी ग्रेड ८० ते ९५ शोअर एची, ७०च्या खाली जायचं तर खास माल लागतो. त्यामुळे उशीसारखा स्पर्श मिळत नाही, घट्ट चामड्यासारखा मिळतो.

टीपीयू घेताना दोन प्रश्न विचारायलाच हवेत. पहिला: पॉलिएस्टर की पॉलिइथर? पॉलिएस्टर तेलाला भारी, पण ओलावा आणि उष्णता एकत्र आली की त्याची साखळी तुटत जाते. काही वर्षांत थर भुसभुशीत होऊन तुकडे पडतात. पॉलिइथर ओलाव्याला आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांना टिकतो, तेलाला थोडा कमी. शेतात फिरणाऱ्या वस्तूला पॉलिइथर द्या, गॅरेजमधल्या मीटरला पॉलिएस्टर. दुसरा प्रश्न रंगाचा. नेहमीचा अ‍ॅरोमॅटिक टीपीयू उन्हात पिवळा पडतो, हे कव्हर वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. पिवळा न पडणारा अ‍ॅलिफॅटिक प्रकार बराच महाग असतो. काळा किंवा गडद रंग घेतला की हा प्रश्न बहुतेक सुटतो.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो ओल्या दाण्यामुळे. टीपीयू हवेतलं पाणी भराभर ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये पोतं उघडं राहिलं, की भागावर चांदीसारखे पट्टे आणि आत बुडबुडे दिसतात. ते दिसले नाहीत तरी बॅरलमध्ये पाण्यामुळे साखळी तुटलेली असते आणि भाग लवकर फाटतो. ८० ते १०० अंशांवर दोन ते चार तास वाळवा. साध्या गरम हवेच्या हॉपरपेक्षा कोरडी हवा देणारा ड्रायर हवा. ओलावा ०.०५ टक्क्यांच्या खाली आणा, ०.०२पर्यंत आणलात तर उत्तम. दुपारच्या सुट्टीत वाळवलेला दाणा उघडा ठेवला तर पुन्हा वाळवावा लागतो.

सिलिकॉन

उष्णतेचा प्रश्न सिलिकॉनला जवळजवळ नाहीच. उणे ५० ते २०० अंश तो आरामात सोसतो. दाबून ठेवला तरी परत फुगून मूळ जागी येतो, म्हणून कीपॅड आणि झाकणाच्या गॅस्केटला तोच घ्यावा. बाहेर लावायच्या बॉक्सचं गॅस्केट २० ते २५ टक्के दाबलं जाईल असं बसवा. ते एसईबीएसचं केलं तर उन्हाळ्यात चेपून तसंच राहतं आणि पहिल्या पावसात पाणी आत येतं.

पकडीसाठी मात्र सिलिकॉन आम्ही सुचवणार नाही. एकदा चीर पडली की ती पुढे धावते, फुफाटा चिकटतो आणि एबीएसवर थेट ओतताही येत नाही. द्रव सिलिकॉनचा साचा १६० ते २०० अंश गरम असतो, त्यात एबीएस वाकतो. खाली पीबीटीसारखं उष्णता सोसणारं प्लास्टिक किंवा नायलॉन घ्यावा लागतो, तोही प्रायमर लावून किंवा स्वतः चिकटणारी ग्रेड वापरून. शिवाय द्रव सिलिकॉन इतकं पातळ असतं, की साच्यात काही मायक्रॉनची फट असली तरी फ्लॅश (कडेला बाहेर आलेला पातळ पापुद्रा) येतो. प्लॅटिनमवर पिकणारा प्रकार लेटेक्स हातमोज्यातल्या गंधकाच्या संपर्कात आला तर तिथे कच्चाच राहतो. नायट्राइलचे हातमोजे वापरा.

मोटारीचे स्टार्टर बनवणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कच्च्या राहिलेल्या सिलिकॉनमधून हलकी सिलोक्सेन वाफ निघत राहते. बंद बॉक्समध्ये रिले असेल, तर तिच्या ठिणगीने ही वाफ जळून काँटॅक्टवर काचेसारखा वीजरोधक थर बसतो आणि रिले चालू होऊनही करंट जात नाही. दोष सर्किटमध्ये शोधला जातो, असतो गॅस्केटमध्ये. मोल्डिंगनंतर २०० अंशांवर चार तास हवा खेळती ठेवून भाजलेलं गॅस्केटच घ्या.

पीव्हीसी आणि रबरी रंग

मऊ पीव्हीसी सर्वांत स्वस्त, वायरच्या आवरणाला ठीक. पकडीला नको. त्यातलं मऊ करणारं तेल हळूहळू बाहेर येतं, शेजारच्या एबीएसमध्ये शिरतं, पृष्ठभाग चिकट करतं आणि ताण असेल तिथे तडे पाडतं. डीईएचपीसारखी चार थॅलेट्स (पीव्हीसी मऊ करणारी रसायनं) युरोपच्या रोह्स नियमांत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरच्या नियमांत, जुलै २०१९ पासून प्रत्येकी ०.१ टक्क्यावर रोखलेली आहेत. निर्यातीचा विचार असेल तर हेही पाहा.

रबरी रंग म्हणजे एबीएसवर मारलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा इतका. नवा असताना मखमलीसारखा लागतो, साच्याचा खर्च नाही, म्हणून मोह होतो. पण घाम, त्वचेचं तेल आणि दमटपणा यांनी तो काही वर्षांत गुळासारखा चिकट होतो. जुने माऊस, दुर्बिणी, रिमोट यांवर हे सर्रास दिसतं. असा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढता येतो, पण आपल्या ग्राहकाला ते काम का लावायचं?

ठरवण्याआधीची चाचणी

२ मिलिमीटर जाडीचे, २५ बाय २५ मिलिमीटरचे तुकडे घ्या. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. एक तुकडा खोबरेलात भिजवलेल्या कापसात, एक मिठाच्या पाण्यात, एक ग्राहक वापरतात त्या औषधाच्या मिसळलेल्या द्रावणात आणि एक कोरडाच ठेवा. ७० अंशांच्या ओव्हनमध्ये सात दिवस. औषधाचा तुकडा मात्र ओव्हनमध्ये घालू नका, झाकणबंद काचेच्या बाटलीत उघड्या शेडमध्ये ठेवा. बाटलीतलं कच्चं औषध कोणत्याच मऊ थराला सोसत नाही, त्यामुळे ते तपासून उपयोग नाही. शेवटी पुसून वजन करा, कोरड्या तुकड्याशी दाबून आणि ताणून तुलना करा.

माल कोणता हेच कळत नसेल तर तुकडा पाण्यात टाका. खडूसारखी पूड न भरलेला टीपीई बहुधा तरंगतो; टीपीयू, सिलिकॉन आणि पीव्हीसी बुडतात. सिलिकॉन जळल्यावर पांढरी राख उरते. प्रमाणित अहवाल हवा असेल तर छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्यात सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचं केंद्र आहे. साच्याच्या कामासाठी इंडो-जर्मन टूल रूमही त्याच एमआयडीसीत आहे.

हातात धरायच्या, घाम आणि पाणी लागणाऱ्या वस्तूला एबीएसला चिकटणारा ५० शोअर ए एसईबीएस. तेलाचे हात, आपटाआपटी किंवा फवारणी रोजची असेल तर ८० ते ८५चा पॉलिइथर टीपीयू. बटणं आणि गॅस्केट सिलिकॉनची. खरेदीच्या ऑर्डरवर कंपाउंडरचं (दाणा बनवणाऱ्या कंपनीचं) नाव, ग्रेड, लॉट नंबर आणि ‘लेखी मंजुरीशिवाय बदली माल चालणार नाही’ ही ओळ टाका. प्रत्येक लॉटचा मूठभर दाणा तारखेसह बरणीत ठेवा. तक्रार दोन वर्षांनी आली, तर जुना आणि नवा माल शेजारी ठेवून तपासायला तोच उपयोगी पडतो.