ऑल-बँड अँटेना म्हणून रेझिस्टर विकतोय, केबल पण खोटी, घ्यायच्या आधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नवीन हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स मिळालेल्या सगळ्यांचं रडगाणं एकच, जागा नाही. हीच अडचण हेरून एकजण व्हॉट्सअ‍ॅपवर "जागा नको, ट्यूनर नको, रेडियल नको" म्हणून एक छोटी अँटेना विकतोय, ७ ते ३० मेगाहर्ट्झ सगळं चालतंय म्हणतो. (ट्यूनर म्हणजे अँटेना रेडिओशी जुळवून देणारा डबा, रेडियल म्हणजे बुडाशी पसरायच्या तारा.) मी घेतली. अँटेना आणि ३० मीटर आरजी-२१३ (रेडिओपासून अँटेनापर्यंत न्यायची ५० ओहमची जाड केबल) मिळून साडेबारा हजार, यूपीआयने आधीच. नाव-नंबर तक्रारीत दिलाय, इथं टाकत नाही, पण माल कसा ओळखायचा ते सगळं सांगतो.

आमचं घर शहापूरला, जुन्या गल्लीतलं, वीस बाय चाळीस फुटाचा प्लॉट, दोन्हीकडं भिंतीला भिंत, समोरून हेस्कॉमची विजेची लाईन. ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) साधा डायपोल, मधोमध केबल जोडलेली तार, म्हणजे १४३ भागिले ७.१, वीस मीटर तार सरळ पाहिजे, आणि आमचं टेरेस कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तरी साडेतेरा मीटर भरतंय. शेजारच्या मामींच्या टेरेसवर एक टोक बांधू काय विचारलं तर "त्यातनं करंट बिरंट येतंय काय रे, माझे पापड असतात तिथं" म्हणाल्या, संपला विषय. अशा वेळी साडेपाच फुटाची काठी कोपऱ्यात उभी केली की झालं म्हणणारा माणूस भेटला की बरंच वाटतं की ओ.

त्यानं व्हिडिओ कॉलवर डेमो दिला. ७.१ ला लावला, एसडब्ल्यूआर (परत येणाऱ्या पॉवरचं माप, एकच्या जितकं जवळ तितकं बरं) १.२. मग १४.२, २१.२, २८.५, सगळीकडं काटा तिथंच. "बघा साहेब, मीटर खोटं बोलतंय काय?" मीटर खोटं बोलत नाही हे खरं, पण मीटर एवढंच सांगतो की रेडिओतनं गेलेल्या पॉवरमधली परत किती आली. जी परत आली नाही ती हवेत गेली की कुठंतरी जळाली, ते त्याला कळत नाही, आणि ह्याचा सगळा धंदा त्यावरच चाललाय. कॉलसाइन (लायसन्सवाल्याचं रेडिओवरचं नाव) विचारला तर "अप्लाय केलंय साहेब". बिल मागितलं तर "मालाबरोबर येतंय", ते अजून यायचंय.

माल आला, दिसायला झकास, पावडर कोटिंग, खाली जाड पीव्हीसी पाईपचं बूड, दोन्ही तोंडं एपॉक्सीनं बंद. लावली, आणि ४० मीटरवर सकाळी जे धारवाड-हुबळीवाले साध्या तारेवर खणखणीत ऐकू यायचे ते पण गायब. मी ५० वॉटवर गळा फाडून बोलतोय, तिकडं कुणाला पत्ता नाही. बँड तर एवढा शांत की नॉइज पण नाही. त्याला फोन केला तर म्हणतो हीच तर आमची खासियत, लो नॉइज अँटेना! वर एसडब्ल्यूआर पण त्याच्या व्हिडिओसारखा येईना, २८ ला काटा जवळजवळ एकला आणि १४ ला दोनच्या वर. त्यावर उत्तर, "तुमच्या स्लॅबमधल्या सळ्यांमुळं होतंय."

अनगोळचे एक जुने हॅम काका आहेत, त्यांना टेरेसवर आणलं. त्यांनी मीटरकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, "तू बोलत बस रे थोडा वेळ," आणि ते बुडाजवळ उकिडवे बसले पाईपला हात लावून. जरा वेळानं म्हणाले, "आता तू हात लाव." पाईप गरम! ढगाळ हवा, ऊन नाही, आणि पाईप गरम. मग केबल काढून सॉकेटच्या मधल्या पिनला आणि बॉडीला मल्टिमीटर लावला, बरोबर ५० ओहम. साधी उभी अँटेना अशी मोजली तर ओपन दाखवते, म्हणजे जोडच नाही, आत कॉइल किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर शून्याच्या आसपास, ५० यायचं काही कारणच नाही. हॅक्सॉनं पाईप कापला तर आत १ किलोओहमचे वीस रेझिस्टर समांतर जोडलेले, तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे, दोन-तीन जळून काळे व्हायला लागलेले. १००० भागिले २०, करा हिशेब. पॉवर सगळी त्यात जळायची, वरची काठी नुसती शोभेला. डमी लोडला (टेस्टिंगला अँटेनाऐवजी लावतात तो पॉवर जाळणारा रेझिस्टर) टोपी घालून विकलाय.

रेझिस्टर घातलेल्या अँटेना नसतातच असं नाही, टर्मिनेटेड फोल्डेड डायपोलमध्ये (दुमडलेल्या तारेच्या डायपोलमध्ये) असतो, पण तिथं तो उघड सांगितलेला असतो आणि तार पण चांगली लांब असते. साडेपाच फुटाची काठी ७ मेगाहर्ट्झला खरोखर ट्यून केली तर ती अगदी अरुंद पट्ट्यात चालते, जरा फ्रिक्वेन्सी हलली की एसडब्ल्यूआर चढतो. एवढ्याशा काठीला ७ पासून ३० पर्यंत काटा सपाट दिसला की पैसे खिशातच ठेवा.

आता केबल. त्यात जास्त लोक फसतील असं वाटतं, कारण वर "आरजी-२१३" छापलेलं आहे, जाडी पण तेवढीच, १०.३ मिलिमीटर. आणि "कनेक्टर आम्ही लावूनच देतो साहेब, तुम्हाला सोल्डरिंगचा त्रास नको" म्हणून दोन्ही टोकांना हीट श्रिंक (गरम करून आवळायची प्लास्टिकची नळी) चढवलेलं, म्हणजे आत कुणी बघू नये. कापलं तर मध्ये एकच तार, तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडाची, फ्रिजवरचं मॅग्नेट टक्कन चिकटलं. खऱ्या आरजी-२१३ ला मध्ये तांब्याच्या सात तारा असतात. आतलं पांढरं प्लास्टिक नखानं दाबलं तर दबतंय, म्हणजे फोम, खऱ्यात ते टणक असतंय. जाळी अ‍ॅल्युमिनियमची, विरळ, सोल्डर धरतच नाही, नुसती मुडपून कनेक्टरमध्ये कोंबलेली. म्हणजे केबल टीव्हीवाल्यांची ७५ ओहमची आरजी-११, वर नवीन छापून विकलेली, आणि तो १४ ला दोनच्या वर जाणारा काटा हिच्यामुळंच, सळ्यांमुळं नाही. ७५ ओहमची केबल वाईट असते असं नाही, काहीजण मुद्दाम वापरतात, पण तसं सांगून त्या भावात द्या ना. न कापता बघायचं असेल तर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा, ३० मीटर आरजी-२१३ साडेचार किलोच्या आसपास भरते, माझी तीन पण भरली नाही.

दोन मीटर बँडवाल्यांनी तर केबल जास्तच बघून घ्यावी. बारीक आरजी-५८ चे ३० मीटर १४५ मेगाहर्ट्झला साधारण ६ डीबी खातात, म्हणजे वर पाव पॉवर पोचते, आणि गंमत म्हणजे अशा केबलच्या टोकाला काहीच न जोडता मीटर लावला तरी एसडब्ल्यूआर दोनच्या आतच दिसतो, कारण परत येणारी पॉवर पण केबलच खाते.

सध्या मी १.५ एमएमच्या हाऊस वायरिंगच्या तारेचा १४ मेगाहर्ट्झचा डायपोल कळकाच्या काठीवर उलट्या व्हीसारखा लावलाय, दहा मीटर तार आमच्या टेरेसवर आरामात बसते, आणि ४० मीटरसाठी तारेची टोकं मागच्या भिंतीवरून खाली सोडलीत. केबल काकांच्या ओळखीनं, टोक कापून बघूनच घेतली.

त्या माणसाला रेझिस्टरचा फोटो पाठवला तर आधी "ते मॅचिंग युनिट आहे, तुम्ही उघडलं म्हणून वॉरंटी गेली", मग ब्लॉक. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवलीय आणि सायबरच्या १९३० वर पण, चॅट, पेमेंटचा स्क्रीनशॉट, कापलेल्या पाईपचा फोटो सगळं जोडून. पैसे आले नाहीत अजून. गेल्या आठवड्यात निपाणीच्या एका मित्राला दुसऱ्या नंबरवरून तीच जाहिरात आली, पाईप आता निळा केलाय आणि किंमत हजारनं वाढवलीय. कुणी घेऊन बसला असाल तर आधी मल्टिमीटर लावा, ५० ओहम आले तर पाईप कापताना व्हिडिओ काढा आणि बॉक्सवरचा कुरिअरचा कागद फेकू नका, तक्रारीत तो मागतात.