जुने पत्ते नव्या साइटवर वळवताना: अपाची, एन्जिनएक्स की प्लगइन?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. शाळा उघडतात, पालक याद्या घेऊन दुकानं पालथी घालतात, आणि हल्ली त्यातले बरेच जण पुस्तक आहे का ते आधी मोबाइलवर बघूनच घरून निघतात. म्हणून तिथल्या एका पुस्तकांच्या दुकानाच्या काकांनी मला मार्चमध्येच बोलावून घेतलं. नवी साइट तयार होती, अडचण जुन्या पत्त्यांची होती.

"गूगलवर आमची पुस्तकं दिसतात रे, पण दाबलं की पान सापडत नाही म्हणतं. होस्टिंगवाला सांगतो त्या फाइलीत नियम लिहा, पुतण्या म्हणतो स्वतःचा सर्व्हर घ्या, साइट केलेली मुलगी म्हणते प्लगइन टाका. आता कोणाचं ऐकू?"

होस्टिंगवाल्याची ती फाइल अपाची या वेब सर्व्हरची, पुतण्याच्या डोक्यात एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर, आणि प्लगइन म्हणजे साइटला जोडायची तयार पुरवणी. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर वळवणं, तिन्हीकडे होतात, आणि दुकानाएवढ्या साइटला वेगातला फरक जाणवणारही नाही. म्हणून मी एकच गोष्ट बघून ठरवतो: नियम चुकला, तर तो का चुकला हे मला कुठे दिसणार आहे? नियम लिहायला अर्धा तास लागतो, न चालणारा नियम शोधण्यात मात्र अख्खी रात्र जाते.

आधी अपाची, कारण शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) बहुधा तोच असतो, नाहीतर त्याचेच नियम पाळणारा एखादा सर्व्हर. त्याचं मॉड-रिराइट, म्हणजे पत्ते बदलणारा भाग, राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ साली लिहिलं, त्यामुळे कुठल्याही अडचणीवर तयार तोडगे मुबलक मिळतात. डॉट-एचटीॲक्सेस फाइल फोल्डरमध्ये टाकली की नियम लगेच लागू, सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नाही. पण चूकही तितकीच लगेच लागू होते. नियमाच्या रचनेत एक अक्षर चुकलं की पूर्ण साइटवर ५०० एरर (सर्व्हरचा आतला बिघाड) येते, आणि अपाचीची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची मुख्य फाइल, तपासणारी कमांड ही फाइल बघतच नाही.

काकांच्या जुन्या पत्त्यांत ‘प्रॉडक्ट डॉट पीएचपी’, पुढे प्रश्नचिन्ह आणि मग पुस्तकाचा आयडी, अशी रचना होती. इथेच पहिली ठेच लागते. रिराइट-रूलला, म्हणजे नियमाच्या ओळीला, प्रश्नचिन्हाच्या पुढचं काही दिसत नाही. कितीही नेमका पॅटर्न लिहा, आयडी त्यात सापडणार नाही. नियमाच्या वर रिराइट-कंडिशन देऊन क्वेरी-स्ट्रिंग (प्रश्नचिन्हापुढचा भाग) वेगळी तपासावी लागते. ते जमलं, की जुना आयडी नव्या पत्त्याच्या शेपटीला चिकटून येतो. तो तोडायला अपाची २.४ पासून क्यूएसडी फ्लॅग (नियमाच्या शेवटी द्यायची खूण) आहे.

दुसरी ठेच ‘एल’ फ्लॅगची. हा शेवटचा नियम, इथे थांब, असा त्याचा अर्थ आपण घेतो. पण डॉट-एचटीॲक्सेसमध्ये पत्ता आतल्या आत बदलला की अपाची बदललेला पत्ता घेऊन तीच फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवतो. नियम स्वतःच्याच उत्तराला पुन्हा लागू पडत असेल तर हे चक्र थांबत नाही, आणि मूळ सेटिंगप्रमाणे दहा फेऱ्यांनंतर सर्व्हर ५०० देऊन मोकळा होतो. खरोखर थांबायचं असेल तर २.४ मधला ‘एंड’ फ्लॅग वापरा. आणखी एक: या फाइलीत पॅटर्नला पत्त्याची पहिली तिरकी रेघ मिळत नाही, मुख्य कॉन्फिगमध्ये मिळते. एकीकडचा नियम दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवला की तो गुपचूप निकामी होतो, त्याचं कारण बहुतेक वेळा ही रेघच असते.

हे सगळं बघायची उत्तम सोय अपाचीत आहे. लॉग-लेव्हलमध्ये रिराइटचा ट्रेस चालू केला की कुठला पॅटर्न कशाशी ताडला, जुळला की नाही, हे ओळीओळीनं लिहून येतं. पण ती सोय मुख्य कॉन्फिगमध्येच चालू करता येते, आणि शेअर्ड होस्टिंगवर तिथे तुमचा हात पोचत नाही. नियम तुमचे आणि दिवा दुसऱ्याच्या खोलीत, अशी गत होते. जुन्या लेखांत सुचवलेलं रिराइट-लॉग तर २.४ मध्ये काढूनच टाकलंय, तिकडे वळू नका.

एन्जिनएक्स हा इगोर सिसोयेव्ह यांचा सर्व्हर, २००४ साली सर्वांसाठी खुला झालेला. तो डॉट-एचटीॲक्सेस वाचत नाही, मुळीच नाही. सर्व्हर बदलल्यावर जुने नियम एकाएकी बंद पडले तर आधी हेच तपासा. इथे सगळं मुख्य कॉन्फिगमध्ये, म्हणजे सर्व्हर तुमच्या ताब्यात हवा. पण त्या बदल्यात मिळतो ‘मॅप’. डावीकडे आयडी, उजवीकडे नवा पत्ता, अशी साधी दोन रकान्यांची यादी. काकांची सुमारे अठराशे पुस्तकं एका वेगळ्या फाइलीत मावली, आणि ती फाइल दुकानात हिशेब बघणारी ताईसुद्धा वाचू शकते. अपाचीतही रिराइट-मॅप आहे, पण तो डॉट-एचटीॲक्सेसमध्ये जाहीर करता येत नाही.

दोष शोधण्याच्या बाबतीतही एन्जिनएक्स मला जास्त सरळ वाटतो. बदल केल्यावर आधी तपासणीची कमांड चालवायची, चूक असेल तर ती ओळ क्रमांकासह सांगते, आणि नवी कॉन्फिग चुकीची असली तर रीलोड करूनही जुनीच चालू राहते. गिऱ्हाईक समोर उभं असताना साइट पडत नाही. एन्जिनएक्सचं स्वतःचं रिराइट-लॉग चालू करून एरर-लॉगची पातळी ‘नोटिस’वर आणली की नियमांचा माग दिसतो. दोन सवयी मात्र लावून घ्या. नुसतं वळवायचं असेल तिथे ‘रिराइट’ऐवजी ‘रिटर्न’ वापरा. आणि लोकेशन ब्लॉक (कुठल्या पत्त्याला कुठले नियम ते सांगणारे) वरून खाली क्रमानं लागतात असं समजू नका. तंतोतंत जुळणारा आधी, मग रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे पॅटर्नचा, मग सर्वांत लांब जुळणारा साधा ब्लॉक, असा ढोबळ क्रम असतो.

आता मराठी पत्त्यांकडे येतो. इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हे सहसा सापडत नाही, आणि आपल्याकडे रात्री जातात त्या यातच. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं, पत्त्यात टक्क्याच्या रूपात (दर बाइटला एक टक्का आणि दोन खुणा) लिहिलं की नऊ खुणांचं. ब्राउझरमधून कॉपी केलेला असा टक्क्यांचा पत्ता अपाचीच्या नियमात उजवीकडे चिकटवला की दोन घोळ होतात. एक, अपाची टक्क्यालाच पुन्हा एन्कोड करतो आणि पत्त्यात ‘टक्का-२५’ दिसू लागतं. दुसरा घोळ जास्त फसवा. टक्क्यानंतर आकडा आला की मॉड-रिराइट त्याला आधीच्या कंडिशनचा संदर्भ समजून गिळून टाकतो. ‘क’ या अक्षराचा शेवटचा बाइट ९५ आहे. त्यातला टक्का आणि नऊ गायब होतात, नुसता पाच उरतो. उपाय सोपा आहे: अपाचीत मराठी अक्षरं तशीच्या तशी लिहा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, एन्कोडिंग तो स्वतः नीट करतो. एन्जिनएक्सच्या ‘रिटर्न’मध्ये नेमकं उलट. तिथे जे लिहाल तेच हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीत) जातं, म्हणून टक्क्यांचं रूपच द्या. आणि मॅपच्या डाव्या रकान्यात लांब मराठी पत्ते आले तर तो हॅश (झटपट शोधायची आतली सूची) बांधता येत नाही अशी तक्रार करतो, कारण बकेटचा, म्हणजे त्या सूचीतल्या खणाचा, आकार बहुतेक ठिकाणी ६४ बाइटच असतो. तो वाढवला की काम झालं.

प्लगइनबद्दल थोडक्यात. वर्डप्रेस असेल आणि रोज नवे बदल करणारा माणूस तांत्रिक नसेल, तर प्लगइन चांगलं. न सापडलेल्या पानांची यादी ते दाखवतं, ही त्याची खरी किंमत. पण प्रत्येक वळणासाठी पीएचपी आणि डेटाबेस दोन्ही जागे होतात, आणि वर्डप्रेस स्वतःही अंदाजानं पत्ते वळवतो, त्यामुळे कोणी वळवलं ते कळेनासं होतं. ५.१ आवृत्तीपासून तो ‘एक्स-रीडायरेक्ट-बाय’ हे हेडर पाठवतो, शोधाशोध तिथून सुरू करा.

साइटच्या पुढे सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून पुढे देणारी मधली सेवा) असेल तर एक लूप, म्हणजे न संपणारी फेरी, नेहमी भेटतो. सीडीएन तुमच्या सर्व्हरशी साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या एचटीटीपीवर बोलत असेल, तर सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर या, ब्राउझर तसा येतो, सीडीएन पुन्हा साध्या एचटीटीपीवर विचारतो. असल्या लूपपायी कोथरूडच्या एका क्लासची साइट प्रवेशाच्या ऐन दिवसांत दुपारभर बंद होती, आणि सगळे सर्व्हरवरचे नियम पुसत बसले होते. सीडीएन ते सर्व्हर हा टप्पाही एन्क्रिप्टेड करा.

तर ठरवताना असं बघा. सर्व्हर सांभाळणारं, अपडेट करणारं कोणी हाताशी असेल तर एन्जिनएक्स आणि मॅप. तसं कोणी नसेल तर व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर) घेऊच नका, वाऱ्यावर सोडलेला सर्व्हर तुटक्या लिंकपेक्षा वाईट. शेअर्ड होस्टिंगवरच राहायचं असेल तर अठराशे नियम डॉट-एचटीॲक्सेसमध्ये कोंबण्यापेक्षा जुन्याच नावाची छोटी पीएचपी फाइल ठेवा, जी आयडी बघून नव्या पत्त्यावर ३०१ (कायमचं वळण) देईल. डॉट-एचटीॲक्सेसमध्ये पाच-दहा ढोबळ नियम ठेवा, त्याहून जास्त नको.

काकांचा पुतण्या सर्व्हर सांभाळायला तयार होता, म्हणून आम्ही एन्जिनएक्स घेतला. आठवडाभर सगळं ३०२ वर, म्हणजे तात्पुरत्या वळणावर, ठेवलं, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकलेला ३०१ गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून आपल्याला पुसता येत नाही. मग सगळे जुने पत्ते कर्ल या पत्ते तपासायच्या कमांडमधून काढले आणि कोड आणि लोकेशन हेडर (कुठे वळवलं ते सांगणारं) शेजारीशेजारी छापले. बहुतेक नीट निघाले. ‘कोऱ्या-वह्या’ हे पान मात्र ४०४ (पान सापडत नाही) देत राहिलं. मॅपमधला पत्ता आणि नव्या साइटवरचा पत्ता पडद्यावर हुबेहूब सारखे दिसत होते. टक्क्यांच्या रूपात बघितल्यावर कळलं. एकीकडे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर होतं, दुसरीकडे साधा ‘र’, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक, ई२-८०-८डी. दोन माणसांनी दोन कीबोर्डांवर टाइप केलेलं. ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘साऱ्या’ असे सगळे शब्द त्या संध्याकाळी शोधून काढले, आणि जिथे जुना पत्ताही मराठीत होता तिथे मॅपमध्ये दोन्ही रूपांच्या ओळी घातल्या.