हिंदी महासागराच्या तळाचा उठावाचा नकाशा: दोन महिन्यांच्या वापरानंतर

अप्पा बळवंत चौकात शैक्षणिक साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून दोन महिन्यांपूर्वी मी हा नकाशा १,४५० रुपयांना घेतला. साच्यावर तापवून उठवलेल्या पातळ प्लास्टिकचा हा नकाशा साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच असून त्याचे प्रमाण एकास दोन कोटी, म्हणजे एका सेंटिमीटरला २०० किलोमीटर, असे आहे.

माझी नात आठवीत आहे. समुद्रबूड जमीन (किनाऱ्यालगतचा उथळ तळ), खंडान्त उतार (तिथून खोलात उतरणारा भाग), सागरी मैदान (खोलवरचा सपाट तळ), गर्ता (अरुंद, अतिखोल दरी) ही नावे ती न अडखळता म्हणत असे, पण यांतले आपल्या समुद्रात कुठे काय आहे असे विचारले की पुस्तकातील आकृतीवरच बोट ठेवी. त्या आकृतीत सगळी भूरूपे एका रेषेवर ओळीने मांडलेली असतात आणि त्यामुळे मुंबईहून पश्चिमेकडे निघालो की ती याच क्रमाने लागणार, असा मुलांचा समज होतो. प्रत्यक्षात आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर गर्ता नाहीच. ती आहे पार पलीकडे, सुमात्रा आणि जावा बेटांच्या दक्षिणेला, जिथे भारतीय-ऑस्ट्रेलियन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा तुकडा, खाली घुसतो आणि तळ ७,००० मीटरांपेक्षाही खोल जातो. नकाशावरून एकदा हात फिरवल्यावर नातीचा हा गैरसमज गेला, आणि माझ्या मते निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन रुंद असून केरळकडे जाताना ती निमुळती होते, हे येथे नीट दाखवले आहे. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरांवर आहे. नकाशावर हे अंतर पाऊण सेंटिमीटरच भरते आणि तेवढ्यावर उतार सुरूही झालेला नसतो. बंगालच्या उपसागरात मात्र बोटाला काहीच लागत नाही, कारण गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी हिमालयातून आणलेल्या गाळाचा पंखा तेथे सुमारे ३,००० किलोमीटरपर्यंत पसरला आहे आणि त्याने खालचे सगळे चढउतार बुजवून टाकले आहेत. त्या गाळाखालून पूर्व रेखांश ९० च्या बाजूने दक्षिणेकडे एक जलमग्न रांग बाहेर पडते. सुमारे ५,००० किलोमीटर लांबीची ही रांग नकाशावर चांगली वीतभर भरते आणि पट्टी लावून आखल्यासारखी सरळ आहे.

पुण्याच्या माणसाने हा नकाशा घरात ठेवावा याचे खरे कारण पश्चिमेच्या अर्ध्या भागात आहे. लक्षद्वीपपासून मालदीववरून छागोस बेटांपर्यंत जाणारी रांग, मग मध्ये आडवी येणारी मध्य हिंदी महासागरी पर्वतरांग आणि तिच्या पलीकडे मॉरिशस व रियुनियन, हा सारा माग एकाच तप्तस्थळाचा, म्हणजे खोलातून तप्त शिलारस वर येणाऱ्या जागेचा, आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला तो याच तप्तस्थळामुळे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, तप्तस्थळ मागे राहिले आणि आज ते रियुनियनखाली आहे, जिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. पर्वतीच्या पायऱ्या चढताना दिसणारा काळा पाषाण आणि नकाशावरची बेटांची ही माळ यांचा असा संबंध आहे, हे नातीला सांगताना पुण्यापासून रियुनियनपर्यंत बोट उचलावे लागले नाही. मधला पर्वत तेवढा ओलांडावा लागला.

आता उणिवा. या प्रमाणात चार किलोमीटर खोली म्हणजे एका मिलिमीटरचा पाचवा भाग; ती बोटाला कळावी म्हणून उभे प्रमाण कितीतरी पट वाढवावेच लागते. त्याला माझी हरकत नाही, परंतु किती पट वाढवले हे नकाशावर कुठेही छापलेले नाही. परिणामी खंडान्त उतार कड्यासारखा दिसतो, जो प्रत्यक्षात सरासरी चार अंशांच्या आसपासच असतो. शिकवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही चूक मला गंभीर वाटते.

दुसरी उणीव अरबी समुद्राच्या तळावरील कार्ल्सबर्ग या पर्वतरांगेची. तिच्या माथ्यावरून जाणारी खचदरी (तळ दुभंगून खचल्याने झालेली दरी) साच्यात पुसली गेली आहे आणि रांग नुसती गोल वरंब्यासारखी उठली आहे. सागरतळाचे नकाशे काढणाऱ्या अमेरिकी भूशास्त्रज्ञ मेरी थार्प यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी खोलीच्या नोंदींवरून अटलांटिकच्या तळाचे छेद काढले, तेव्हा त्यांच्या नजरेत भरली ती माथ्यावरची अशीच दरी, आणि तळ दुभंगतो आहे या विचाराला बळ मिळाले तेही तिच्यामुळे. ती गाळून रांग दाखवणे म्हणजे गाभारा वगळून देऊळ दाखवण्यासारखे आहे. याशिवाय नकाशा दक्षिण अक्षांश ४० ला संपतो, त्यामुळे कर्ग्युलेनचे जलमग्न पठार, जिथल्या तप्तस्थळाने ती वीतभर सरळ रांग घडवली, ते चौकटीबाहेरच राहिले आहे.

छपाईही सरकलेली आहे. माझ्या प्रतीत लक्षद्वीपची फिकट निळी छटा उंचवट्यावर न पडता त्याच्या पूर्वेला दोन मिलिमीटर पडली आहे. म्हणजे ४० किलोमीटर. दुकानातील मुलाला दाखवले तेव्हा तो म्हणाला, "काका, भिंतीवर लावलं की कळत नाही." त्याने काढून दिलेल्या दुसऱ्या प्रतीत कोपरा वाकलेला होता, म्हणून पहिलीच घेतली.

भिंतीवर मी तो लावलेला नाही. समोरून उजेड पडला की उठाव सपाट दिसतो, म्हणून तो खिडकीजवळच्या मेजावर ठेवतो, जिथे सकाळचे ऊन बाजूने येते आणि रांगांच्या सावल्या पडतात. खाचांत बसणारी धूळ रंगाच्या मऊ ब्रशने निघते. ओल्या फडक्याने मात्र शाई सुटते, हे सुमात्रा-जावाजवळच्या सुंदा गर्तेचा एक तुकडा पांढरा झाल्यावर समजले. घेणाऱ्यांनी घ्यावा, पण दुकानातच गुंडाळी सोडून लक्षद्वीपजवळचा रंग उंचवट्यावर बसला आहे का, तेवढे पाहून घ्यावे.