नवद्वीप: होडी चांगली, घाटावरचा गोंधळ नको

पश्चिम बंगालमधल्या नवद्वीपला जायचं तर हावड्याहून कटवा लोकल पकडा आणि नवद्वीप धामला उतरा. स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा, रांगेने उभ्या असतात. बसण्याआधीच भाडं ठरवा आणि ‘फेरीघाट’ एवढंच सांगा.

घाटावर खरी गल्लत होते. एक होडी थेट पलीकडच्या मायापूरच्या, म्हणजे इस्कॉनचं मोठं मंदिर असलेल्या गावाच्या, हुलोर घाटाला लागते, दुसरी स्वरूपगंजला. जलंगी नदी इथेच गंगेला मिळते. स्वरूपगंज जलंगीच्या दक्षिण काठावर आहे आणि मायापूर उत्तर काठावर, त्यामुळे तिथे उतरलात तर मायापूरसाठी पुन्हा होडी धरावी लागते. मात्र कृष्णनगरला जायचं असेल तर स्वरूपगंजच बरोबर. पाटी बंगालीत असते, म्हणून तिकीट घेतानाच विचारून घ्या. माणसं न कंटाळता सांगतात. सुटे पैसे जवळ ठेवा, आणि परतीची शेवटची होडी किती वाजता आहे हे जातानाच विचारा.

खायचं ते लाल दोई, म्हणजे तांबूस गोड दही. त्यात रंग नसतो. दूध मंद आचेवर तासन्‌तास आटवल्यानं तांबूस होतं, मग मातीच्या भांड्यात लावतात. दही इतकं घट्ट की सुरी उभी राहावी, म्हणून ‘चाकू दोई’. मराठी जिभेला गोड जरा जास्तच. भांडं गाडीत आडवं करू नका, आणि उन्हाळ्यात दूरच्या प्रवासाला नेऊच नका, आंबतं.

कार्तिकी पौर्णिमेच्या रास उत्सवाला गल्ल्यांतून मोठमोठ्या मूर्ती निघतात, पण तेव्हा आधी खोली ठरवल्याशिवाय जाऊ नये. गल्ल्या मुळातच अरुंद, टोटोही अडकतात.