एक रुपयाचा पिक्चर

दिवाळीनंतरची गोष्ट. एक मराठी पिक्चर बघायचा राहिला होता. आमच्या सांगलीत त्याचा एकच खेळ, तोही सकाळी साडेदहाचा. नोकरदार माणसानं जायचं कधी? दुसऱ्या शुक्रवारी तो उतरलाच. ऑफिसातल्या एकानं टेलिग्रामवरच्या ग्रुपची लिंक पाठवली. "एचडी प्रिंट आलीय, घे."

रात्री जेवणं झाल्यावर फाइल उतरवली. साइझ १४ एमबी. इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. अडीच तासांचा पिक्चर १४ एमबीत मावेल कसा? शिवाय नावाच्या शेवटी एमपी४ किंवा एमकेव्ही नव्हतं, एपीके होतं. म्हणजे तो व्हिडिओ नव्हताच, ॲप होतं. फोननं 'हे ॲप धोकादायक असू शकतं' असं बजावलं, तरी मी इन्स्टॉल केलं. मग त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पिक्चरला माझे एसएमएस कशाला हवेत, हे आत्ता सुचतंय.

पोस्टर झळकलं. खाली 'वयाच्या पडताळणीसाठी फक्त १ रुपया'. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. एक रुपयानं काय होतंय, म्हणून भरलं सगळं. गोल चक्र फिरत राहिलं. बायको म्हणाली, "झोपा आता, पिक्चर काय पळून जातोय?"

सकाळी चहाच्या गाड्यावर २० रुपयांचं पेमेंट अडकलं. शिल्लक पाहिली तर १२ रुपये. रात्री दीडनंतर तीन व्यवहार, मिळून ४७,५००. इनबॉक्समध्ये ओटीपीचे तीन मेसेज निवांत पडले होते. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' असं प्रत्येकात लिहिलेलं. मी सांगितला नव्हताच हो! मी घोरत होतो आणि ॲप एकेक मेसेज परस्पर पुढं पाठवत होतं.

माझा फोन बंद करून बायकोच्या फोनवरून आधी कार्ड ब्लॉक केलं, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. तिथं व्यवहाराचे क्रमांक विचारतात, ते हाताशी ठेवा. पैसे ज्या खात्यात गेले होते, तिथं ९,००० गोठले, बाकीचे तोवर निघून गेले होते. गोठलेलेही आपसूक परत येत नाहीत. बँकेनं रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम पुढं केला. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळं पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचा भुर्दंड त्याचाच. कळवल्यानंतर जातील ते बँकेचे. म्हणून लाजून अर्धा दिवस घालवू नका. मला लाज वाटलीच. पोलीस ठाण्यात हवालदारांनी "काय बघत होता एवढ्या रात्री?" विचारलं आणि मी पिक्चरचं नाव सांगितलं, तरी त्यांना खरं वाटेना.

मावसभाऊ मुंबईत साउंडचं काम करतो. त्याला रडगाणं ऐकवलं, तर तो जरा गप्पच झाला. मग म्हणाला, "दादा, पहिल्या आठवड्यात गल्ला जमला नाही की थिएटरातला आमचा पडदा जातो. तो गेला की निर्माता राहिलेल्या पैशांना 'बघू' म्हणतो. माझे सहा महिने 'बघू'त आहेत. मी कुठल्या नंबरला फोन लावू?" २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. पिक्चर चोरून रेकॉर्ड करणाऱ्याला किंवा पसरवणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद, दंड किमान ३ लाख आणि तो निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पण ग्रुपच्या ॲडमिनचं खरं नावच कोणाला ठाऊक नाही, त्याला पकडणार कसं?

फोन फॅक्टरी रिसेट मारला. पोरीच्या बारशाचे फोटो त्यात गेले. मग त्या ग्रुपवर लिहिलं, 'ही फाइल उघडू नका, माझे पैसे गेलेत.' चार मिनिटांत मला काढून टाकलं. ऑफिसातला तो म्हणतो, फाइल अजून वरच पिन केलेली आहे, फक्त पिक्चरचं नाव बदललंय.