नॅनो एस प्लस, सेफ ३ की कोल्डकार्ड: हार्डवेअर वॉलेटची पारख

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांच्या किल्ल्या सांभाळणारं छोटं उपकरण, घेताना पहिली विचारणा होते ती चिपची, मग ब्लूटूथची, मग किती प्रकारची नाणी चालतात याची. स्क्रीनबद्दल क्वचितच कोणी विचारतं. पण पैसे मोजायचे असतात ते स्क्रीनसाठी. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असं धरूनच हे उपकरण बनवलेलं असतं. कॉम्प्युटर व्यवहार तयार करतो, उपकरण तो दाखवतं, तुम्ही बटण दाबता आणि सही आतल्या आत होते. खासगी की, म्हणजे सही करणारा गुप्त आकडा, बाहेर येत नाही. नाणी जिथे पाठवायची तो पत्ता कॉम्प्युटरने मधल्या मध्ये बदलला असेल, तर ते कळण्याची एकमेव जागा म्हणजे ती इवलीशी स्क्रीन. तिथलं न वाचता बटण दाबलं, तर की सुरक्षित राहते आणि नाणी जातात.

इथे तीन उपकरणांचा विचार केला आहे: लेजर नॅनो एस प्लस, ट्रेझर सेफ ३ आणि कोल्डकार्ड एमके ४. तिघांची घडण इतकी वेगळी आहे, की एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष ठरतो.

ट्रेझरपासून सुरुवात करू, कारण बाजारात पहिलं आलेलं हार्डवेअर वॉलेट त्यांचं, २०१४ सालचं ट्रेझर वन. कोड पूर्ण खुला, पण आत साधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सर्वसामान्य कामाची चिप. सिक्युअर एलिमेंट, म्हणजे गुपितं जपण्यासाठीच बनवलेली चिप, नाही. जानेवारी २०२० मध्ये क्राकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सुरक्षा पथकाने दाखवलं, की ट्रेझर वन किंवा मॉडेल टी साधारण १५ मिनिटं हातात मिळालं, तर चिपच्या वीजपुरवठ्यात नेमक्या क्षणी झटके देऊन आतली एन्क्रिप्ट केलेली सीड, म्हणजे जिच्यातून सगळ्या की निघतात ती शब्दांची यादी, बाहेर काढता येते आणि मग पिन झटपट फोडता येतो. ही उणीव हार्डवेअरमधली असल्याने फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून ती भरून निघत नाही. म्हणून जुनं ट्रेझर वन आज नव्याने घेऊ नये. ज्यांच्याकडे आहे त्यांनी पासफ्रेज (सीडला जोडायची स्वतःची गुप्त ओळ) लावल्याशिवाय वापरू नये; पासफ्रेज उपकरणात साठवलेलीच नसते, त्यामुळे चिप उघडूनही ती सापडत नाही.

२०२३ मध्ये आलेल्या सेफ ३ मध्ये सिक्युअर एलिमेंट आहे आणि हा प्रश्न बराचसा सुटला आहे. तरी मुख्य काम अजून साध्या मायक्रोकंट्रोलरवरच चालतं. मार्च २०२५ मध्ये लेजरच्या डॉनजॉन पथकाने याच मायक्रोकंट्रोलरवर व्होल्टेजचा हल्ला करून दाखवला. त्याचा अर्थ एवढाच, की वाटेत कोणाच्या हाती पडलेलं उपकरण घेऊ नये. प्रतिस्पर्ध्याने काढलेली चूक म्हणून ती दुर्लक्षण्यासारखी नाही.

लेजरचं उलट आहे. सगळा डोलारा सिक्युअर एलिमेंटवर उभा, आणि त्यावर चालणारी प्रणाली बंद, म्हणजे बाहेरच्या कोणाला कोड वाचून खात्री करता येत नाही. मे २०२३ मध्ये लेजरने रिकव्हर नावाची ऐच्छिक सेवा जाहीर केली: सीडचे एन्क्रिप्ट केलेले तीन तुकडे तीन वेगळ्या कंपन्यांकडे ठेवायचे. लोक संतापले ते याच मुद्द्यावर. तुम्ही संमती दिली नाही तर काहीच बाहेर जात नाही हे खरं, पण सीड बाहेर पाठवू शकेल असं फर्मवेअर लिहिता येतं हे त्या दिवशी सर्वांना कळलं. ज्यांना अनेक प्रकारची नाणी एकाच उपकरणावर ठेवायची आहेत, त्यांना आजही नॅनो एस प्लस सोयीचं पडतं. त्याला बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, नुसती यूएसबी-सी. हा मोठा गुण आहे. बॅटरी असलेलं उपकरण दोन-तीन वर्षं कपाटात पडून राहिलं की बॅटरी दगा देते, आणि हार्डवेअर वॉलेटचं बहुतेक आयुष्य कपाटातच जातं.

कोल्डकार्ड फक्त बिटकॉइनसाठी. आत दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे सिक्युअर एलिमेंट, त्यामुळे एकाच्या चिपमध्ये खोट निघाली तरी दुसरा उरतो. कॉम्प्युटरला न जोडता, मायक्रोएसडी कार्डावरून व्यवहाराची फाइल नेऊन सही करता येते. वीज पॉवर बँकेतून दिली तरी चालते. पिन दोन भागांत टाकायचा: पहिला भाग टाकला की स्क्रीनवर दोन शब्द येतात, ते ओळखीचे असतील तरच दुसरा भाग. कोणी हुबेहूब दिसणारं दुसरं उपकरण ठेवून गेलं, तर ते शब्द चुकतात. पण १३ वेळा पिन चुकला की कोल्डकार्ड कायमचं निकामी होतं. सीड नीट लिहिलेली असेल तर नवं उपकरण घेऊन भागतं, नसेल तर सगळं संपलं. ज्यांना फाइली, कार्ड, स्पॅरोसारखं वॉलेट सॉफ्टवेअर यांचा कंटाळा नाही त्यांनी बिनदिक्कत घ्यावं. पहिल्यांदाच वॉलेट घेणाऱ्याला ते जड जाईल.

नवशिक्यासाठी माझी पसंती सेफ ३. कोड खुला आहे, बॅटरी नाही, आणि चुका करायला फार वाव नाही. स्क्रीन मात्र लहानच.

घेताना थेट उत्पादकाकडून घ्या. वापरलेलं तर नकोच, सीलबंद दिसलं तरी नको. होलोग्रामचं स्टिकर नकली बनवणं कठीण नाही. कोल्डकार्ड क्रमांक असलेल्या पिशवीत येतं आणि पहिल्यांदा चालू केल्यावर तोच क्रमांक स्क्रीनवर दाखवतं; तो जुळवून पाहा. लेजर आणि ट्रेझर आपल्या अ‍ॅपमधून उपकरण अस्सल असल्याची तपासणी करतात. डब्यात आधीच शब्द छापलेलं, किंवा लॉटरीच्या तिकिटासारखं खरवडायचं कार्ड निघालं, तर ते उपकरण वापरायचं नाही. ती सीड ज्याने छापली, त्याच्याकडेही आहे. सीड तुमच्यासमोर, उपकरणाच्या स्क्रीनवरच तयार झाली पाहिजे.

मागवताना वेगळा ईमेल वापरा, आणि पार्सल घराऐवजी दुसरीकडे घेता आलं तर उत्तम. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली. सुमारे २,७०,००० लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर उघड्यावर आले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींना टपालाने बनावट उपकरणं आली, सोबत ‘जुनं असुरक्षित आहे, हे वापरा’ असं पत्र. अ‍ॅपचंही तसंच. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅप स्टोअरवर लेजर लाइव्ह या लेजरच्या अ‍ॅपची खोटी नक्कल चढली आणि सीड टाइप करणाऱ्यांची नाणी गेली. म्हणून शोधयंत्रात नाव टाकून पहिला दुवा दाबायचा नाही; उत्पादकाच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा. सीड कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर कधीही टाइप करायची नाही, मग विचारणारं पान कितीही खरं दिसो.

जोडल्यावर उपकरण उजळलं पण अ‍ॅपला दिसत नसेल, तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. हे साधं कारण न सुचल्याने कित्येक जण उपकरण परत पाठवतात.

आता सीड. शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या इंग्रजी यादीतले असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द वेगळा ओळखता येतो. तरी अक्षर सुवाच्य हवं. आर्म, आर्म्ड, आर्मर आणि आर्मी हे चारही त्या यादीत आहेत. घाईत लिहिलेलं चौथं अक्षर ई की ओ हे कळलं नाही, तर आर्म्ड आणि आर्मर यांत गोंधळ ठरलेला. मोठ्या छापील अक्षरांत, पेन्सिलीने, क्रमांक घालून लिहा. शाई ओलाव्याने पसरते. फोटो काढायचा नाही, प्रिंट काढायची नाही.

शेवटच्या शब्दात पडताळणीचे काही बिट असतात. त्यामुळे शब्द चुकला की उपकरण बहुतेक वेळा ‘सीड चुकीची’ म्हणतं. बहुतेक वेळा, नेहमी नाही: २४ शब्दांत चुकीची सीड २५६ मध्ये एकदा खपून जाते, १२ शब्दांत १६ मध्ये एकदा. खपली की उपकरण काहीही तक्रार न करता दुसरंच, रिकामं वॉलेट उघडतं.

ट्रेझरच्या नव्या उपकरणांत २० शब्दांचा बॅकअप आधीच निवडलेला असतो. ही स्लिप-३९ पद्धत, तिची यादी १०२४ शब्दांची आणि वेगळी. पद्धत चांगली आहे, पण तो बॅकअप लेजरमध्ये चालत नाही. उद्या उपकरण बदलावंसं वाटलं तर मोकळीक हवी असेल, तर सुरुवातीलाच १२ किंवा २४ शब्दांचा पर्याय निवडा.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि नाणी खरोखर हरवतात ती इथेच. मोठी रक्कम पाठवण्याआधी उपकरण पुसून, कागदावरून परत उभं करा. पहिला पत्ता उपकरणाच्या स्क्रीनवर काढून लिहून ठेवा. त्या पत्त्यावर अगदी किरकोळ रक्कम पाठवा. मग लेजरमध्ये मुद्दाम तीन वेळा चुकीचा पिन टाका, म्हणजे ते कोरं होतं. ट्रेझरमध्ये अ‍ॅपमधून पुसा. कोल्डकार्डवर मात्र चुकीच्या पिनचा खेळ नको, तिथे सीड पुसण्याचा पर्याय मेनूतच आहे. आता ‘सीडवरून परत मिळवा’ निवडा आणि फक्त कागदाकडे बघून शब्द भरा. दोन बटणांवर एकेक अक्षर सरकवत २४ शब्द भरायला चांगला अर्धा तास धरा. दोन-तीन अक्षरांनंतर सूचना येऊ लागतात. झाल्यावर पहिला पत्ता पुन्हा काढा. लिहून ठेवलेल्याशी अक्षरन् अक्षर जुळला आणि किरकोळ रक्कम दिसली, तरच कागद बरोबर. ती रक्कम परत पाठवूनही बघा, सहीसुद्धा तपासली जाते.

दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये परत उभं केल्यावर शिल्लक शून्य दिसली, तर घाबरून जायचं कारण नाही. एकाच सीडमधून वेगवेगळ्या मार्गांनी वेगवेगळे पत्ते निघतात. बिटकॉइनचे बीसी१क्यूने सुरू होणारे पत्ते ८४ क्रमांकाच्या मार्गावर, ३ ने सुरू होणारे बहुधा ४९ वर, जुने १ चे ४४ वर, टॅपरूट या नव्या प्रकारचे ८६ वर. सॉफ्टवेअर चुकीच्या मार्गावर शोधत असतं. कागदावर सीडशेजारी हा आकडा लिहिला की ही धावपळ वाचते.

पासफ्रेज म्हणजे सीडला जोडलेली तुमची स्वतःची ओळ. चुकीची पासफ्रेज असं काही नसतंच. जी टाकाल तिचं एक वॉलेट उघडतं. एक स्पेस जास्त पडली, मोठ्या अक्षराऐवजी लहान आलं, तरी नवं, रिकामं वॉलेट. चोरापासून ती उत्तम संरक्षण देते आणि विसरभोळ्या माणसाची ती सगळ्यात मोठी शत्रू आहे. लावायची तर लिहून ठेवा, पण सीडपासून वेगळ्या जागी. कागद आगीत टिकत नाही, म्हणून सीड स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्या. अ‍ॅल्युमिनियम नको, ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि घराची आग त्याहून तापते. स्टेनलेस स्टील साधारण १४०० अंशांपर्यंत तग धरतं.

रोजच्या वापरात पत्ता पूर्ण वाचा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवून थांबायची सवय चोरांना चांगली ठाऊक आहे; तेवढीच अक्षरं जुळणारे पत्ते तयार करून ते तुमच्या व्यवहारांच्या यादीत किरकोळ रक्कम टाकतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही तिथूनच कॉपी कराल. यादीतून पत्ता घ्यायचा नाही. पैसे स्वीकारतानाही पत्ता उपकरणावर दाखवून मगच द्या.

इथेरियमवर धोका आणखी खोल आहे. तिथे कित्येकदा उपकरण व्यवहार उलगडून दाखवू शकत नाही, आकड्या-अक्षरांची लांबलचक रांग दाखवतं आणि मंजुरी मागतं. याला ब्लाइंड साइनिंग म्हणतात. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट एक्स्चेंजचे जवळपास १.५ अब्ज डॉलर्सचे इथर (इथेरियमचं नाणं) गेले, तेव्हा सही करणाऱ्यांच्या हाती हार्डवेअर वॉलेटच होती. कॉम्प्युटरच्या पानावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, सही दुसऱ्याच गोष्टीवर झाली. लेजरच्या इथेरियम अ‍ॅपमधला ब्लाइंड साइनिंगचा पर्याय बंदच ठेवा. एखाद्या सेवेसाठी तो उघडावाच लागला, तर त्यासाठी थोडीशी रक्कम असलेलं वेगळं खातं वापरा, वेगळ्या सीडवरचं. एखाद्या सेवेला तुमची टोकन (इथेरियमवरची इतर नाणी) हवी तेवढी काढायची अमर्याद परवानगी दिली असेल तर तीही काढून टाका. ती एकदा दिली की पुढे टोकन काढून घ्यायला तुमची सही लागत नाही. उपकरण तिजोरीत असलं तरी नाही.

फर्मवेअर अपडेट करण्याआधी सीड हाताशी आहे ना ते बघा. अपडेट मध्येच अडकलं तर उपकरण कोरं होऊ शकतं; कागद दुसऱ्या गावी आणि नाणी आजच विकायची, अशी वेळ येऊ नये.

घरच्यांसाठी एक वेगळा कागद ठेवा: उपकरणाचं नाव, मार्गाचा आकडा, पासफ्रेज आहे की नाही, स्टीलची पट्टी कुठे आहे आणि पहिला पत्ता. सीड त्यावर नको. वर्षातून एकदा उपकरण चालू करा, स्क्रीनवरचा पहिला पत्ता या कागदावरच्या पत्त्याशी ताडून पाहा आणि तारीख टाकून ठेवा.